वज्दीचं खातं

सकाळच्या कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच नौफलच्या खिशातला फोन थरथरला. तो दिवसभर थरथरतच असे. कुठल्या तरी वेबसाइटवर कोणी आत आलं, कोणी पासवर्ड विसरलं, कुठली तरी जागा भरत आली. त्या ओळी नौफल वाचत नसे, माशी हाकलावी तशा अंगठ्याने बाजूला सारत असे. आजही अंगठा उचलला गेला आणि तिथेच थांबला. ‘वज्दी यांनी पहाटे नव्या ठिकाणाहून लॉगिन केलं आहे. ठिकाण : फ्रँकफुर्ट. ही व्यक्ती तुमच्या ओळखीची असेल, तर काहीही करायची गरज नाही.’ त्याने ओळ पुन्हा वाचली. काउंटरपलीकडे कॉफीवाला शाझली कप विसळत होता. बाहेर मासळीची गाडी आडवी उभी राहिली होती आणि मागचा टॅक्सीवाला हॉर्न मारून मारून कंटाळून आता नुसता शिव्या देत होता. सगळं रोजच्यासारखंच होतं, आणि तरी नौफलला वाटलं, पायाखालची फरशी किंचित कललीय. त्याच्या धाकट्या भावाने लॉगिन केलं होतं. सहा-सात वर्षांपूर्वी एका रात्री होडीत बसून जो समुद्रापलीकडे निघाला आणि कुठेच पोचला नाही, त्या भावाने.

“काय रे, आज कोणाची वेबसाइट झोपली?” शाझली म्हणाला.

“झोपली नाही,” नौफल म्हणाला. “एक उठलीय.”

“मग साखर घाल की आणखी. चांगली बातमी कडू तोंडाने ऐकू नये, खुया, माझ्या भावा.”

नौफलने साखर घातली नाही. कॉफीही तशीच राहिली. फोन उलटा करून त्याने टेबलावर ठेवला, जणू ती ओळ खाली तोंड करून पडली की तिचा जीव जाईल. तो रस्त्याकडे बघत बसला. घरात ‘बुडाला’ हा शब्द कोणी उच्चारत नसे. ‘तिकडे गेलाय’ म्हणत. वज्दी निघाला तेव्हा त्याने आईला सांगितलं होतं की करकना बेटावर मित्राच्या बहिणीचं लग्न आहे, दोन दिवसांत येतो. नवे बूट घातले होते. लग्नाला जाणारा मुलगा बूट घालतोच, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. नौफलला एवढंच जाणवलं होतं की पोरगा दारातून दोनदा मागे आला. एकदा चार्जर विसरला म्हणून, एकदा काही न विसरताच. त्या दुसऱ्या वेळी नौफल कामात होता, मान वर न करता त्याने “आता काय?” असं विचारलं होतं. त्या होडीतल्या काहींची प्रेतं नंतर किनाऱ्याला लागली, काहींना घरच्यांनी ओळखलं, काहींना कोणीच नाही. आईने दवाखान्यात जाऊन लाळेचा नमुना दिला. तो कोणाशीच जुळला नाही. न जुळणं हीच बातमी धरून घर बसून राहिलं. त्यामुळे वज्दी ना मेलेल्यांत होता ना जिवंतांत. अशा माणसाने एका सोमवारी पहाटे फ्रँकफुर्टमध्ये लॉगिन करावं, यात न होण्यासारखं काय होतं? जर्मनीत पोचलेली आपल्या स्फाक्स गावची पोरं कमी का आहेत? कोणाच्या गॅरेजात गाड्या धूत असेल. कागदपत्रं नाहीत म्हणून लाजेने फोन केला नसेल. आता हातात फोन आला असेल, जुना पासवर्ड आठवला असेल. नौफल हे सगळं मांडत होता, आणि मांडता मांडताच त्याला ठाऊक होतं की फ्रँकफुर्ट हे गाव नव्हेच. जगातले निम्मे भाड्याचे कॉम्प्युटर तिथे एका छपराखाली ठेवलेले असतात. मेक्सिकोतला चोरही तिथूनच आल्यासारखा दिसतो आणि शेजारच्या गल्लीतलाही. हे तो गिऱ्हाइकांना हसत हसत सांगे. आज मात्र त्याला त्या गावात एक खरा रस्ता दिसत होता, थंडीने ओला झालेला, आणि त्यावरून नवे बूट घातलेलं कोणीतरी चाललं होतं.

दार बंद ठेवा हे सांगणं हाच त्याचा धंदा. साधीसुधी दुकानं, दवाखाने, शाळा, ऑलिव्ह तेलाचे व्यापारी, अशांच्या वेबसाइट सांभाळायच्या. वेबसाइट म्हणजे लोकांना वाटतं, एकदा बांधली की झालं. तसं नसतं. ती शंभर जणांनी लिहिलेल्या तुकड्यांची गोधडी असते आणि दर आठवड्याला कुठला ना कुठला तुकडा उसवतो. मग तो तुकडा लिहिणारा म्हणतो, इथे फट होती, मी ती बुजवली, सगळ्यांनी नवा तुकडा लावून घ्या. यातली गंमत अशी की बुजवल्याची बातमी आणि फटीची बातमी एकाच दिवशी छापून येते, आणि चोरही वाचता येणारेच असतात. त्या दिवसापासून शर्यत सुरू होते. गिऱ्हाइकाला त्याचं काही नसतं. “चाललंय ना? मग हात कशाला लावतोस?” म्हणतात. रमजान होऊ दे, ईद होऊ दे, लग्नसराई होऊ दे, उन्हाळा संपू दे. नौफल त्यांना तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याच्या गोष्टी सांगे. गोड बोले, कधी चिडे, आणि शेवटी स्वतःच गुपचूप अपडेट करून टाके. वर्षानुवर्षं हेच. घर कितीही झाडलं तरी दुसऱ्या दिवशी कचरा असतोच, तसं. अलीकडे त्याला या कामाचा एक खोलवरचा शीण आला होता. झोप काढली की जाणारा नव्हे तो. काहीच कधी ‘झालं’ म्हणता येत नाही, याचा शीण.

आणि या शहाण्या माणसाने स्वतःच्या घरची वेबसाइट वज्दी गेला त्या दिवसापासून अपडेट केली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. ती वेबसाइट वज्दीने बांधली होती. आई लग्नाकार्याला बदामाची मिठाई करून द्यायची. परदेशात गेलेल्या बायकांना ती घरबसल्या मागवता यावी, अशी त्याची कल्पना. फोटो त्यानेच काढले. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं येतं तेवढ्या वेळात तो ताटं इकडून तिकडे सरकवायचा. आई ओरडायची की बकलावा वाळतोय, आणि तो म्हणायचा, “उम्मी, एक मिनिट, आत्ता तो सुंदर दिसतोय.” एका फोटोत चुकून आईचा हात आला, पिठाने पांढरा झालेला. तोच त्याने पहिल्या पानावर लावला. वेबसाइटची मांडणीही त्याने कुठून तरी फुकट मिळवलेली, पाच ठिकाणी ठिगळं लावलेली. नवं काहीही बसवलं की ती कोसळणार, हे नौफलला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मांडणी मोडेल म्हणून अपडेट नको, हे त्याने स्वतःला दिलेलं कारण. ते खरंही होतं. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं, त्याच्याकडे तो फारसा बघत नसे. जुनी वेबसाइट साफ करायला घेतली की सर्वांत आधी जुनी खाती काढावी लागतात. जो सोडून गेला त्याचं खातं त्याच दिवशी बंद, हा नियम त्यानेच ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. वज्दीच्या खात्याला सगळे अधिकार होते. पासवर्ड बदलला, तर नव्याचा निरोप ज्या पत्त्यावर जाणार तो कॉलेजचा पत्ता कधीच बंद पडला होता. म्हणजे एकदा दार लागलं की वज्दीला बाहेरून उघडता येणार नव्हतं. आई बिचारी दर महिन्याला वज्दीच्या नंबरात पैसे भरून तो नंबर जिवंत ठेवते, मग आपण तिच्या पोराचं दार लावायचं? आईसाठी म्हणून त्याने ते उघडं ठेवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी एका प्लगइनमधल्या, म्हणजे अशाच एका तुकड्यातल्या, फटीची बातमी आली. नुसतं नाव माहीत असलं तर पासवर्डाशिवाय कोणालाही त्या नावाने आत येता येतं, इतकी वाईट फट. नौफलने त्याच दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांचं काम उरकलं. शेवटी घरच्या वेबसाइटपाशी आला, थोडा वेळ बसला, आणि उठून पाणी प्यायला गेला.

ऑफिसात पोचला तेव्हा पंखा गरम हवा ढवळत होता. उन्हाळ्याचं वेळापत्रक, दुपारी दोनला सगळं बंद, त्यामुळे सकाळभर प्रत्येकजण कोणीतरी मागे लागल्यासारखा वागत असे. अफाफबाई दारातच उभ्या होत्या. ऑफिस त्यांचं. मूळच्या राजधानीतल्या, इथे लग्न होऊन आल्या, नवरा गेला तरी इथेच राहिल्या. स्फाक्सच्या लोकांना चिमटे काढणं हा त्यांनी स्वतःला दिलेला मोबदला.

“या, सी नौफल, या साहेब. त्या मुलांच्या दातांच्या दवाखान्याची साइट उघडा जरा. काय दिसतंय?”

त्याने उघडली. हसणाऱ्या दातांच्या चित्राखाली पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात नाचत होती.

“डॉक्टरीणबाई फोनवर रडतेय,” अफाफबाई म्हणाल्या. “आधी कोणी बघितलं माहितेय? तिच्या सासूने. आता सून जुगाराचा अड्डा चालवते म्हणून ती सगळ्या गल्लीला सांगणार.”

“साफ करतो मी. आत्ता.”

“साफ तर करशीलच रे. पण आलं कुठून ते? ही साइट तू अपडेट केली होतीस ना?”

“केली होती.”

“मग शेजारून आलंय. त्याच सर्व्हरवर कोणाचं तरी दार उघडं राहिलंय. आज जुगार लावून गेला, उद्या त्या पोरांची नावं आणि आयांचे फोन नंबर उचलेल. आणि मग मी कोर्टात उभी राहीन, तुमच्या गावाची हवा खात.” त्यांनी चष्मा वर सारला. “तुम्ही स्फाक्सवाले फुटकी वाटीसुद्धा टाकत नाही. खरं सांग, कोणती जुनी साइट कोपऱ्यात ठेवलीयस?”

नौफलच्या आईच्या मिठाईची वेबसाइट त्याच सर्व्हरवर होती, आणि तिचं भाडं अफाफबाईंनी कधी घेतलं नव्हतं. ईदेला एक ताट आणून दे, म्हणाल्या होत्या. नौफलने त्यांच्या चपलांकडे बघितलं. “बघतो,” तो म्हणाला. ते खोटं होतं. त्यालाही कळलं, आणि कदाचित बाईंनाही.

त्याने दवाखान्याची वेबसाइट घासूनपुसून साफ केली, ती उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेली, डॉक्टरीणबाईंना फोन करून सासूबाईंसाठी दोन वाक्यं शिकवली. हात झरझर चालत होते. हातांना काही विचारावं लागत नव्हतं. फक्त एक गोष्ट ते करत नव्हते. सर्व्हरवर नोंदी असतात. कोण आलं, कोणत्या वाटेने, काय काय उघडलं, सगळं ओळीने लिहिलेलं. घरच्या वेबसाइटच्या नोंदी उघडल्या असत्या, तर एका मिनिटात कळलं असतं की पहाटे आलेला पासवर्ड देऊन आला की फटीतून. एक मिनिटसुद्धा नाही. दहा वाजले, अकरा वाजले, नौफल शेजारच्या नोंदी बघत राहिला, तेलवाल्याच्या, शाळेच्या, आणि त्या एका फोल्डरजवळ आला की चहाला उठत राहिला. दवाखान्यात नमुना देऊन आल्यावर आई अशीच अंगणात बसून राहायची. फोन वाजला की उचलायची नाही. तेव्हा तो तिच्यावर वैतागला होता. “अगं, कळून तर घे,” असं म्हणाला होता. कळून घे म्हणे. माहीत नसण्यातही एक खोली असते, त्यात माणूस राहू शकतो. खोली कोंदट असते, पण तिला छप्पर असतं. तिथून आईला बाहेर ओढायला निघालेला तो मोठा मुलगा आज नौफलला आवडला नाही. आणि तेवढ्या वेळात ते दार तसंच उघडं होतं, हेही त्याला कळत होतं. प्रत्येक कपागणिक तेलवाला, शाळा, सगळी शेजारची घरं त्याच्या एका ‘बघतो’वर टांगलेली होती.

दोन वाजले. अफाफबाईंनी जाताना एकदा त्याच्याकडे बघितलं. तो लॅपटॉप काखेत मारून निघाला आणि पाय आपोआप जुन्या गावाच्या कोटाकडे, आईच्या घराच्या दिशेला वळले. आईला विचारल्याशिवाय दार लावायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. दुकान तिचं, मुलगा तिचा. दिवाणच्या वेशीतून आत शिरल्यावर गल्ल्यांत सावली होती, आणि दुपारच्या झोपेची ती शांतता, जिच्यात मांजरंही भिंतीला चिकटून चालतात. आईच्या दारावर तीन कड्या. उजवीकडची बायकांसाठी, डावीकडची जाडी पुरुषांसाठी, आणि खाली कमरेशी एक छोटी, पोरांसाठी. आवाजावरून आत कळायचं की कोण आलंय, डोक्यावर ओढणी घ्यायची की नाही. वज्दी सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी खाली वाकून ती छोटीच कडी वाजवायचा, आणि आई आतून म्हणायची, “आला माझा म्हातारा.” नौफल नेहमी डावी कडी वाजवी. दर शुक्रवारी येई, आई जागीच असे. आज ती झोपली असेल, उगाच उठवायला नको, म्हणून त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातली ती लांब दांड्याची जुनी किल्ली शोधून काढली आणि कुलपात घातली. किल्ली आत गेली, पण फिरेना. त्याने ती बाहेर काढून पुसली, पुन्हा घातली, खांदा लावून दार दाबून धरलं, जसं लहानपणी दाबावं लागे. फिरेना. घाम त्याच्या कानामागून मानेवर उतरला. मग त्याला दिसलं की लाकूड जुनंच आहे, पण कुलपाभोवतीचा पत्रा चकचकीत आहे. कुलूप नवीन होतं. चांगलं वर्षा-दोन वर्षांचं असेल, कडांना थोडी धूळ बसलेली. शंभर शुक्रवार तो या पत्र्यापुढे उभा राहिला असेल. त्याचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

त्याने डावी कडी वाजवली. आतून सपाता घासत आल्या.

“आज शुक्रवार आहे का रे?” आईने, महरझियाने, दार उघडलं. ती झोपेतून उठली की चेहऱ्यावर उशीची रेघ असायची, ती आजही होती. “काय झालं? पोरं बरी आहेत ना?”

“बरी आहेत. उम्मी, कुलूप कधी बदललंस?”

“हे होय? झाले की बरेच दिवस. पलीकडच्या मब्रुकाचा गॅसचा सिलिंडर चोरला ना कोणी, भर दुपारी, ती आत झोपलेली असताना. म्हटलं, एकटी बाई मी, आणि जुनी किल्ली कोणाकोणाकडे आहे कोणास ठाऊक. तुझा बाप गल्लीभर वाटून गेला होता.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तू कधी किल्लीने येतोस? बडवतोस दार पोलिसासारखं. तुझी किल्ली आहे काढून ठेवलेली, डब्यात. आत ये, ऊन येतंय.”

अंगणात मिठाईत घालायच्या जिरेनियमच्या पाण्याचा वास होता. टेबलावर बदाम सोलून पसरले होते, पांढरे, ओलसर. नौफल त्यांच्यासमोर बसला.

“पण वज्दीकडे जुनी किल्ली आहे. तो आला तर?”

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला प्रश्न कळला नव्हता असं नाही. इतका साधा प्रश्न हा मोठा, शिकलेला मुलगा का विचारतोय, ते तिला कळत नव्हतं.

“आला तर कडी वाजवेल की,” ती म्हणाली. “मी काय मेलेय? किल्ली लागते परक्या घरात शिरायला. आईच्या दारावर पोर कडी वाजवतं.”

“मग फोन का चालू ठेवतेस त्याचा?”

“फोनची गोष्ट वेगळी. फोन वाजला तर मला कळेल. उघडं दार कोणाला काय सांगतं?”

ती पुन्हा बदाम निवडायला लागली, आणि नौफलच्या छातीत इतकी वर्षं घट्ट बांधून ठेवलेलं काहीतरी हळूच सुटलं. त्याला आनंद झाला नाही, फसल्यासारखं झालं. आईसाठी म्हणून तो पहारा देत होता, आणि आई केव्हाच कुलूप लावून झोपायला शिकली होती. म्हणजे ते दार त्याने स्वतःसाठी उघडं ठेवलं होतं. त्या दिवशी मान वर न करता ‘आता काय?’ म्हणाला होता, त्या एका वाक्यासाठी. वज्दीने तिसऱ्यांदा मागे फिरावं आणि या वेळी आपण मान वर करावी, एवढंच त्याला हवं होतं.

“उम्मी,” तो म्हणाला, “पहाटे कोणीतरी वज्दीच्या नावाने दुकानात आलं होतं. वेबसाइटवर.”

तिचा हात थांबला. एक बदाम बोटांत तसाच राहिला.

“तो होता?”

“बघावं लागेल.”

“बघावं लागेल म्हणजे? सकाळपासून काय करत होतास तू?” तिचा आवाज एकदम चढला, आणि मग तिने त्याचा चेहरा बघितला असावा, कारण तो तसाच खाली आला. “बघ. मी आहे इथे. बघ, पोरा.”

त्याने लॅपटॉप उघडला आणि नोंदी काढल्या. चारच ओळी होत्या. आलेल्याने पासवर्ड दिला नव्हता, त्याला कोणी विचारलाही नव्हता. फटीतून आला, वज्दी झाला, एक फाइल ठेवली, भिंतीपलीकडे दवाखान्यात गेला. हे सगळं पापणी लवायच्या आत. तो माणूसही नव्हता बहुतेक, कोणीतरी सोडलेलं यंत्र असेल, रात्रभर गावोगावची दारं हलवून बघत फिरणारं. नौफलने ओळी खालून वर वाचल्या, वरून खाली वाचल्या. फटीतून आला यानेसुद्धा त्याची आशा पुरती मेली नव्हती, वेड्या मनाचा काय भरवसा, पोरगा हुशार होता, कुठूनही शिरला असता. पण दुसरंच काहीतरी त्या नोंदींत नव्हतं, आणि ते नसणं त्याला आता लख्ख दिसलं.

“तो नव्हता,” नौफल म्हणाला.

“कशावरून?”

“त्याने एकही फोटो उघडला नाही, उम्मी. पहिलं पानसुद्धा नाही. तुझ्या हाताचा फोटो आहे ना, तोही नाही.”

आईने बोटातला बदाम बाकीच्यांत ठेवला. ओढणीचं टोक तिने तोंडाशी धरलं. रडली नाही. नौफलच रडला, आवाज न करता, लॅपटॉपच्या कडेवर मनगटं ठेवून. मग ती म्हणाली, “खरंय. तो असता तर आधी तेच बघितलं असतं.” आणि उठून त्याच्यासाठी बदामाचं सरबत करायला गेली.

त्याने अफाफबाईंना फोन लावला. “दार माझ्या घरचं होतं,” तो म्हणाला. “तीन आठवड्यांपासून माहीत होतं मला.” पलीकडे त्यांच्या घरातला कूलर घरघरत होता. मग त्या म्हणाल्या, “कोणाचं खातं?” त्याने नाव सांगितलं. त्यांनी चिमटा काढला नाही. “बंद कर,” म्हणाल्या. “मला राग आलाय, नौफल. खूप आलाय. पण आधी ते बंद कर. उद्या बोलू.”

मग त्याने अपडेटचं बटण दाबलं. पडद्यावर आलं : थोड्या वेळासाठी बंद, जरा वेळाने पुन्हा पाहा. आई सरबताचे पेले घेऊन त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. वेबसाइट परत आली तेव्हा वज्दीची मांडणी पार कोसळली होती. अक्षरं एकावर एक चढलेली, ताटं कोपऱ्यात ढकललेली, मिठाईची नावं अधांतरी.

“हे काय झालं रे?”

“मोडली मांडणी. करीन नीट. वेळ लागेल.”

“फोटो आहेत ना?”

“आहेत सगळे.”

“मग झालं. घर रंगवताना असंच दिसतं.”

आता फक्त खातं उरलं होतं. नावांच्या रांगेत तो वज्दीपाशी आला आणि काढून टाका म्हणाला. पडद्याने त्याला एक प्रश्न विचारला. हा प्रश्न त्याने परक्या लोकांच्या वेबसाइटवर शेकडो वेळा बघितला होता, न वाचता उत्तर दिलं होतं. आज तो शब्द न शब्द वाचत बसला.

“काय म्हणतंय ते?” आईने विचारलं. तिला वाचता येत असे, पण चष्मा आत होता.

“म्हणतंय, या माणसाने इथे जे काही केलं, त्याचं काय करायचं? सगळं त्याच्याबरोबर पुसून टाकायचं, की दुसऱ्या कोणाच्या नावावर करायचं?”

महरझियाने पेला टेबलावर ठेवला, बदामांपासून लांब, सांडू नये म्हणून.

“माझ्या नावावर कर,” ती म्हणाली. “कडी वाजली की देईन त्याचं त्याला.”

नौफलने तिचं नाव निवडलं.